उसनी धाप

झोपडीच्या दारापाशी येऊन तो तरुण अडला होता. दार अर्धवट उघडं, आत अंधार, हातात दुनळी बंदूक. माउसवरचं बोट त्याने उचलून धरलं होतं, पण दाबायचा धीर होत नव्हता. शोल्पान त्याच्या मागे उभी होती आणि पडद्याकडे न बघता त्याच्या खांद्यांकडे बघत होती. सकाळपासून तिचा हाच उद्योग चालला होता. पडदा तिला पाठ होता. गेम माणसाला लागू पडला की नाही, हे खांदे सांगतात. याचे खांदे पार कानांपर्यंत चढले होते.

"कोण आहे आत?" कानांवर हेडफोन असल्यामुळे त्याने सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

"आत जा ना, कळेल," स्तास म्हणाला.

"मरेन मी."

"मग मर की. डेमो फुकट आहे."

रांगेतली माणसं हसली. तरुण हसला नाही. तो दारापासून मागे सरकला, बोरूच्या बनात शिरला आणि पळत सुटला. खरं तर त्याच्या मागे काहीही लागलेलं नव्हतं. त्या डेमोत बराच वेळ काहीच मागे लागत नाही, हीच तर मेख होती. आटत चाललेल्या सरोवराचा काठ, धुकं, ओस पडलेली कोळ्यांची वस्ती, खिशात मोजकी काडतुसं आणि आपल्याच छातीतून येणारी धाप. हातात बंदूक आहे आणि ती चालवावी असं काही समोर येत नाही, म्हटल्यावर माणूस खुर्चीत चुळबुळायला लागतो. आज सकाळपासून त्या खुर्चीने बऱ्याच जणांची चुळबुळ सोसली होती.

आल्माटी शहरातल्या या गेमच्या प्रदर्शनात त्यांना मिळालेली जागा म्हणजे एक टेबल, दोन संगणक आणि पाठीमागचा कापडी फलक. फलकावर गेमचं नाव होतं, 'कामिस', म्हणजे बोरू. गेम बनवणारे दोघंच. स्तास, आडनाव पाक, चित्रं आणि यंत्राच्या आतलं सगळं बघायचा, शोल्पान आवाज बघायची. स्तास कोरियन घरातला, पण जन्मला इथेच. शोल्पानपेक्षा त्याच्या कझाक शिव्या अस्सल होत्या. टेबलाखाली त्याच्या आईने दिलेल्या गाजराच्या तिखट कोशिंबिरीचा डबा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकाला तो आपली हजेरी सांगत होता.

तरुणाने हेडफोन काढले. कान लाल झाले होते.

"कसा वाटला?" शोल्पानने विचारलं.

"ते धापा टाकणारं माणूस कोण आहे? म्हणजे आवाज कुणाचा घेतलाय? एखाद्या नटाचा?"

"नट कसला, हिचा बाप आहे," स्तास म्हणाला.

"जबरदस्त. मी भुताला घाबरत नव्हतो, खरंच सांगतो. मला वाटत होतं, हा असाच चालता चालता पडणार."

हे काही आज पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. डेमो खेळलेल्यांपैकी कुणी धुक्याची तारीफ करायचं, कुणी अंधाराला नावं ठेवायचं, बंदूक जड चालते म्हणून कुणी नाक मुरडायचं. पण धापेचं नाव न काढता खुर्चीतून उठलेला माणूस अजून भेटायचा होता. दरवेळी शोल्पानच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आज मात्र तिचं अर्धं लक्ष दालनाच्या मोठ्या दाराकडे होतं. दार उघडलं की तिची मान वळायची आणि दाराशी भलतंच कुणी दिसलं की पुन्हा जागेवर यायची.

"वळवून वळवून मान मोडेल," स्तास म्हणाला. "येतील गं. बल्खाशहून यायचंय, शेजारच्या गल्लीतून नाही."

ज्यांची वाट होती ते तिचे वडील, अमानताय. मुलं त्यांना गावच्या रीतीने 'कोके' म्हणत. बल्खाश सरोवराकाठच्या बोरूच्या पट्ट्यात त्यांनी उभी हयात शिकारखात्याचा पहारेकरी म्हणून काढली होती. मुलगी बँकेतली नोकरी सोडून 'बंदुकीचे खेळ' करायला लागली, हे कळल्यावर ते महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. मग एके दिवशी त्यांनीच फोन केला आणि तह जाहीर केला. अर्धवट काही दाखवू नकोस. पुरं झालं की येईन, माझ्या हाताने चालवून बघेन आणि मग काय ते एकदाच बोलेन. तोवर चांगलं नाही, वाईट नाही. आणि तो शब्द त्यांनी वर्षभर असा पाळला, की शोल्पानला कधीकधी वाटायचं, यापेक्षा शिव्या दिलेल्या परवडल्या. आज थोरले काका सापार आगा त्यांना गाडीत घालून आणणार होते. शे-दोनशे लोकांनी गेमला डोक्यावर घेतलं तरी तिला हवं होतं ते एकाच माणसाचं मत, आणि ते अजून यायचं होतं.

धाप मात्र त्यांनी बिनतक्रार दिली होती. मागच्या हिवाळ्यात शोल्पान गावी गेली, कोकेंच्या छातीवर, मेंढीच्या कातडीच्या कोटाच्या आत तिने छोटा मायक्रोफोन चिकटवला आणि त्यांना गोठलेल्या बोरूत चालायला लावलं.

"माझी धाप म्हणजे काय विकायची चीज आहे?" ते म्हणाले होते.

"विकत नाहीये. उसनी घेतेय."

"घे. माझ्याकडे हल्ली भरपूर आहे."

मग तिने त्यांना चालवलं, चढावर चढवलं, वाकवलं, धाववलं. एकदा धावून झाल्यावर ते बोरूचा जुडगा धरून उभे राहिले, आणि ती लांबून ओरडली होती, कोके, वाऱ्याने बिघडलं, परत एकदा. ते परत एकदा धावले होते.

रांगेत आता एक चष्मेवाली मुलगी पुढे आली. पाठीला पिशवी, नखं बारीक कापलेली. ती बसली, हेडफोन घातले आणि नीट, शिस्तीत चालू लागली. हिचे खांदे हललेच नाहीत. वस्तीपर्यंत जाण्याआधीच तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"नाही आवडला?" शोल्पानने विचारलं.

"नाही, तसं नाही. हा आवाज तुम्ही वॉर्डात जाऊन घेतलात का?"

"कसल्या वॉर्डात?"

"हृदयाच्या. मी डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. श्वास संपताना ती बारीक गुरगुर येते ना, ती आम्ही रोज ऐकतो. छातीत पाणी साठलं की येते."

शोल्पान हसली. आपण का हसलो, ते तिलाही कळलं नाही. "माझे वडील आहेत ते. थंडी फार होती त्या दिवशी."

"थंडीने असं होत नाही," मुलगी म्हणाली, आणि मग आपण जास्त बोललो असं वाटून तिने आवाज खाली आणला. "झोपताना उशा रचून झोपतात का ते? किंवा बसूनच? नाही, सहज विचारते. एकदा दाखवून घ्या फक्त."

ती निघून गेली. जाताना फुकट मिळणारं गेमचं चित्रही घेऊन गेली.

ती गुरगुर शोल्पानला नवी नव्हती. स्तासला वाटलं होतं मायक्रोफोन खराब आहे. त्याने ती काढून टाकायला सांगितली होती. शोल्पानने ठेवली. नुसती ठेवली नाही, तर दुसऱ्या श्वासांमधून तसलीच शोधून काढून मोक्याच्या जागी नेऊन बसवली, कारण ती ऐकली की अंगावर काटा यायचा. आठवड्यांमागून आठवडे ती वडिलांची छाती कानाला लावून बसली होती आणि तिला त्यात फक्त धुकं ऐकू आलं होतं. आणि हिवाळ्यात कोके भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे, हेही तिला आता आठवलं. विचारलं तर म्हणाले होते, खिडकीतून तळं दिसतं.

तिने फोन काढून धाकट्या भावाला लावला. बराच वेळ वाजल्यावर दारखानने उचलला.

"निघाले का रे?"

"सापार आगा पहाटेच निघालेत."

"कोके नीट आहेत ना? औषधं घेतली त्यांनी बरोबर?"

पलीकडे दाराचा आवाज झाला. भांडी वाजली. कुणीतरी बाई दुसऱ्या बाईला मोठी कढई कुठे आहे म्हणून विचारत होती.

"घरी कोण आलंय एवढं?"

"शेजारचे आहेत. ताई, आगा पोहोचले की... तू बघ."

"तुझा आवाज असा काय झालाय?"

"सर्दी आहे," दारखान म्हणाला, आणि फोन ठेवला.

शोल्पान हातातल्या फोनकडे बघत राहिली. पाहुणे आलेत, कढई शोधताहेत, म्हणजे कोके घरी नाहीत तोवर आईने काहीतरी बेत केला असणार, असं तिने स्वतःला सांगितलं. पटलं नाही. तरी पुन्हा सांगितलं. मग तिने उगाचच टेबलावरच्या तारा सरळ केल्या, गेमची चित्रं एकावर एक रचली, पुन्हा पसरली. पुढच्या खेळाडूला तिने काय सांगितलं, ते तिला स्वतःला ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने स्तासचा फोन वाजला. तो बोलायला कापडी फलकाच्या मागे गेला आणि लवकर बाहेर आला नाही. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. रांगेतल्या एका पोराने विचारलं, "काय रे, यात मरायला किती वेळ लागतो?" आणि एरवी असल्या चेंडूवर तुटून पडणारा स्तास नुसता म्हणाला, "बस तू. खेळ."

"कुणाचा फोन होता?"

"असाच. तू चहा घेतेस?"

"तू आणि मला चहा आणून देणार?"

तो गेला आणि खरंच चहा घेऊन आला. दोघं दोन वर्षं एका खोलीत काम करत होते, पण असलं काही आजवर घडलं नव्हतं. शोल्पानने कप घेतला आणि तो हातात तसाच धरून ती दाराकडे बघत राहिली.

दार उघडलं. सापार आगा आले. अंगावर लग्नकार्याला घालतात तो कोट, डोक्यावर कोकराच्या कातड्याची टोपी. त्यांच्या मागे दुइसेन आगा, कोकेंचे शेजारी आणि बोरूतल्या भटकंतीतले जोडीदार. आणि त्यांच्या मागे कुल्याश आपा, कोकेंची बहीण. निळ्या-जांभळ्या दिव्यांत, कागदी तलवारी आणि चिलखतं घालून फिरणाऱ्या पोरांच्या गर्दीतून ती तीन माणसं कुणाच्या तरी अंगणातून चालावं तशी एका रांगेत येत होती. त्यांच्या मागे चौथं कुणी आहे का ते शोल्पान बघत राहिली. चौथं कुणी नव्हतं.

"कोके?" ती म्हणाली.

"आम्ही आलो आहोत," सापार आगा म्हणाले, आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"रुसले ना? मला वाटलंच होतं. शेवटच्या क्षणी गाडीतून उतरले असतील." ती हसत होती आणि तिची जीभ तिच्या ताब्यात नव्हती. मग रीत आठवून तिने विचारलं, "घरचे, गुरंढोरं, सगळं खुशाल?"

याला उत्तर एकच असतं. गाय मेलेली असो की छप्पर उडालेलं असो, माणूस आधी 'खुशाल' म्हणतो आणि मग रडगाणं सांगतो.

"रस्ता बरा होता," सापार आगा म्हणाले. "धूळ फार."

आपांनी तिला जवळ घेतलं. लांबच्या प्रवासाने आलेल्या बाईने घ्यावं त्याहून घट्ट घेतलं आणि लवकर सोडलं नाही.

"चल पोरी," सापार आगा म्हणाले. "इथे गलका फार आहे. तुझ्या खोलीवर जाऊ. बसून बोलू."

"खोलीवर काय आहे? जे आहे ते इथेच आहे." तिने त्यांचा कोट धरला. "नाही आगा, असं नाही चालायचं. एवढ्या लांबून आलात ते काय माझी चूल बघायला? कोके नाहीत तर तुम्ही चालवून बघा. त्यांना जाऊन सांगा, काय हुकलं ते. बसा."

सापार आगांनी दुइसेन आगांकडे पाहिलं. दुइसेन आगांनी जमिनीकडे. घरच्या लेकीने हौसेने पुढे केलेलं ताट लोटता येत नाही, मग त्या ताटात काहीही असो. सापार आगांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते खुर्चीत बसले.

स्तासने वाकून त्यांना शिकवलं. हे दाबलं की चालतो. हे हलवलं की मान वळते. हे दाबलं तर बार होईल, पण घाई करू नका. एरवी म्हाताऱ्या माणसांना शिकवताना तो चेष्टा करायचा. आज तो आजारी माणसाला पाणी पाजावं तितक्या हळू बोलत होता. ट्रॅक्टर चालवून जाडजूड झालेली सापार आगांची बोटं कळांवर मावत नव्हती. शोल्पानने त्यांच्या कानांवर हेडफोन बसवले.

ते चालू लागले.

ती त्यांच्या खांद्यांकडे बघत होती. खांदे वर चढतील म्हणून ती थांबली होती. ते खाली गेले. आधी एक, मग दुसरा. आगांचा हात कळेवरून सुटला, पुन्हा बसला. पडद्यावर बोरू दोन्ही बाजूंना सरकत होता. त्यांनी बंदूक उचलली नाही, वस्तीकडेही वळले नाहीत. नुसते चालत राहिले, रस्ता माहीत असल्यासारखे.

तिने त्यांच्या एका कानावरचा हेडफोन किंचित उचलला. "ओळखलंत का, कोण आहे ते?"

"ओळखलं."

"मी म्हटलंच होतं. लोक सकाळपासून याच्यासाठी येताहेत."

सापार आगा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "थांबलं की कमी होते का गं ही?"

"काय?"

"धाप."

"होते. उभं राहिलं की हळूहळू शांत होते."

आगांनी दोन्ही हात कळांवरून उचलले आणि गुडघ्यांवर ठेवले. पडद्यावरचा माणूस थांबला. धुकं त्याच्यापुढून जात राहिलं, बोरू हलत राहिला. आगा मान किंचित कलती करून ऐकत होते. ते काही करत नव्हते आणि उठतही नव्हते. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आजोबा अडकले वाटतं." आणखी कुणीतरी हसलं.

स्तास वळला. "आज बंद," तो म्हणाला. "बाकीच्यांनी उद्या या. माफ करा." आणि दुसऱ्या खुर्चीवर त्याने आपला कोट टाकला.

"बंद काय? अरे, अजून निम्मा दिवस..." शोल्पान म्हणाली, पण स्तास तिच्याकडे बघत नव्हता. ती आपांकडे वळली, निदान त्या तरी हसतील म्हणून. आपा टेबलाच्या कडेला उभ्या होत्या, दोन्ही हात पोटाशी एकमेकांत धरून. ते हात रिकामे होते.

कुल्याश आपा आयुष्यात कधी रिकाम्या हाताने आल्या नव्हत्या. दवाखान्यात भेटायला येतानाही त्यांच्या पिशवीत पिठाचे तळलेले बाउरसाक, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या आणि धुरावलेला मासा असायचा. एवढ्या लांबून, शहरात राहणाऱ्या भाचीकडे त्या आल्या होत्या आणि साधी पिशवीसुद्धा बरोबर नव्हती. गोडधोड, खाणंपिणं बरोबर घ्यायचं नाही, असा एकच प्रसंग असतो.

शोल्पानच्या हातातला चहाचा कप स्तासने काढून घेतला. तो हातात होता, हे ती विसरली होती.

आपांचा नवरा गेला, तेव्हा कोकेच असे दोन माणसं घेऊन त्यांच्याकडे गेले होते. चांगला कोट घालून. शोल्पान तेव्हा शाळेत होती आणि गाडीत बसून राहिली होती. फार वेळ लागला. परतताना तिने विचारलं, एवढा वेळ आत काय करत होतात? चहा पीत होतो, कोके म्हणाले. हवापाण्याचं बोललो, गुरांचं बोललो. आपण तोंडातून शब्द काढत नाही तोवर तिचा माणूस तिच्यापुरता जिवंत असतो. ते थोडं जास्त चाललं तर आपलं काय जातं?

तिने हात पुढे केला. उचललेला हेडफोन पुन्हा नीट सापार आगांच्या कानावर बसवला, आणि तो दाबून धरत म्हणाली, "अजून थोडं चालवा ना आगा. तुम्ही अजून वस्ती बघितलीच नाही. पुढे झोपडी आहे. झोपडीचं दार फार चांगलं जमलंय. सगळे तिथे घाबरतात."

आगांनी ते ऐकलं, कानावर हेडफोन असूनही. त्यांनी तिचा हात आपल्या कानावरून अलगद काढला आणि हातात धरून ठेवला.

"नको पोरी," ते म्हणाले. "दमलाय तो."

मग त्यांनी हेडफोन उतरवले, टोपी डोक्यावर चढवली आणि उठून उभे राहिले. दुइसेन आगा त्यांच्या शेजारी आले. आपा शोल्पानच्या मागे आल्या आणि त्यांनी तिला दोन्ही खांद्यांना धरलं. प्रदर्शनाच्या त्या गोंगाटात, पलीकडच्या टेबलावर कुणाच्या तरी मोटारींच्या शर्यतीचा कर्णा वाजत असताना, सापार आगा जे रीतीने बोलायचं असतं ते बोलले. आपल्या घराण्यात कोण कोण कसं जगलं आणि कसं गेलं ते बोलले. बापाचं नाव घेतलं, आजाचं घेतलं. सरोवराला पाणी होतं तेव्हापासून आपली माणसं त्या काठाला आहेत आणि काठालाच झोपली आहेत, असं म्हणाले. शेवटी भावाचं नाव त्या नावांच्या ओळीत, त्यांच्याच शेजारी, हळूच ठेवलं. त्यांचा आवाज मध्येच एकदा फाटला, पण ते थांबले नाहीत. त्या रीतीत थांबायला जागा नसते.

शोल्पान उभी होती ती खाली बसली. आपा तिच्याबरोबर खाली बसल्या, त्या फरशीवर, तारांमध्ये. "रड, माझ्या कोकरा," आपा तिच्या केसांत म्हणाल्या. "रड." ती रडली. चिलखत घातलेली दोन पोरं थबकली आणि स्तासने त्यांना हाताने पुढे जायला सांगितलं. नंतर त्याने एक संगणक बंद केला. दुसऱ्यापाशी त्याचा हात अडला. पडद्यावरचा माणूस अजून धुक्यात उभा होता. स्तासने सापार आगांकडे पाहिलं. आगांनी मान हलवली, तेव्हा त्याने तोही बंद केला.

"काल पहाटे," दुइसेन आगा म्हणाले. "बसल्या जागी. त्रास नाही झाला."

"उद्या दुपारी मातीत ठेवायचं आहे," सापार आगा म्हणाले. "तुझ्यावाचून नाही ठेवणार. गाडी बाहेर आहे."

शोल्पानने बाहीने तोंड पुसलं. स्तासने तिचा कोट आणून दिला, तो तिने घातला, बटणं चुकीची लावली, आपांनी ती सोडवून पुन्हा लावली. सगळे निघाले. फलकापाशी येऊन ती थांबली.

"दारखानला मी डेमो पाठवला होता," ती म्हणाली. "कोकेंनी बघितला का?"

आपा तिच्या कोटाची कॉलर सारखी करू लागल्या.

"मला सांगा. बघितला का?"

"बघितला," दुइसेन आगा म्हणाले. "परवा संध्याकाळी. मी तिथेच बसलो होतो. दारखान म्हणाला, ताईला आधी सांगू नका, प्रदर्शनात तुम्ही पहिल्यांदाच बघताय असं दाखवा. म्हणून आम्ही सगळे गप्प होतो."

"काय म्हणाले?"

"चांगला आहे म्हणाला."

"दुइसेन आगा."

दुइसेन आगांनी टोपी काढली आणि हातात गोल फिरवली. ते बोरूत बोलायची सवय असलेले गृहस्थ होते, तिथे फार शब्द लागत नाहीत. "बराच वेळ चालवला त्याने," ते म्हणाले. "झोपडीत नाही गेला. असाच फिरत होता. आणि मग म्हणाला, पोरीने हा म्हातारा कुठून धरून आणलाय? चार पावलं टाकली की धापतोय. शोल्पानला सांगा, म्हणाला, याला आधी डॉक्टरकडे ने, मग हातात बंदूक दे."

दालनात कुठेतरी टाळ्या वाजल्या. शोल्पान दुइसेन आगांच्या तोंडाकडे बघत होती.

"हसत म्हणाले?" तिने विचारलं.

दुइसेन आगांनी सापार आगांकडे पाहिलं.

"हसतच," ते म्हणाले, आणि टोपी डोक्यावर घातली.